‘प्रेस’ या शब्दाची कुळकथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतिहासाच्या प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एक छोटासा इंग्रजी उतारा मराठीत उतरवायला दिला होता. त्या उताऱ्यात ‘फ्रीडम ऑफ द प्रेस’ असे शब्द होते. बहुतेकांनी ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असे लिहिले. दोघातिघांनी ‘मुद्रणस्वातंत्र्य’ लिहिले. पण नाशिकरोडहून येणाऱ्या एका मुलाने सरळ लिहून टाकले होते, ‘प्रेसची सुटी’!

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. मग त्याला विचारले, ‘‘काय रे, हे कुठून काढलेस?’’ तो बिचारा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडे प्रेस म्हणजे प्रेस. आजोबा प्रेसमध्ये होते, वडील प्रेसमध्ये आहेत. प्रेस फ्री झाली म्हणजे सुटीच झाली की!’’

घरी परत येताना त्या मुलाचे उत्तर काही डोक्यातून जाईना. मी त्याला चूक दिली होती, आणि परीक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण त्याच्या घरी प्रेस म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, प्रेस म्हणजे दगडी भिंत आणि फाटकावरचा पहारा. माझ्या पुस्तकात प्रेस म्हणजे वर्तमानपत्र, अग्रलेख आणि राजद्रोहाचा खटला. शब्द एकच. मग हे दोन अर्थ एका शब्दात नांदायला आले कुठून? त्या दिवशी कोश काढून बसलो, आणि नंतर या शब्दाचा नादच लागला. त्या नादात जे हाती आले, त्यातले काही आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम त्याचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘प्रेमेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ दाबणे. त्याच्यापासून ‘पुन्हा पुन्हा दाबणे’ अशा अर्थाचे ‘प्रेसारे’ हे रूप झाले, ते फ्रेंचमध्ये गेले, आणि नॉर्मन लोकांच्या मागोमाग जे फ्रेंच शब्द इंग्लंडात उतरले, त्यांच्या मेळ्यात ‘प्रेस’ही आला. गंमत अशी की, इंग्रजीतला त्याचा अगदी जुन्या अर्थांपैकी एक म्हणजे ‘गर्दी’. इ. स. १६११ सालच्या इंग्रजी बायबलातसुद्धा ‘प्रेस’ हा शब्द माणसांच्या दाटीसाठी वापरलेला सापडतो. आपल्याकडे सिंहस्थात पर्वणीच्या पहाटे रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर जी रेटारेटी होते, मागच्याचा दाब पुढच्याच्या पाठीवर येतो, ती गर्दी जुन्या इंग्रजाने पाहिली असती तर तिला त्याने ‘प्रेस’च म्हटले असते. दाटीवाटीने कपडे रचून ठेवायच्या कपाटालाही प्रेस म्हणत. आयर्लंडात भिंतीतल्या कपाटाला आजही हेच नाव आहे.

या एका धातूचा वंशविस्तार मात्र पाहण्यासारखा आहे. आत दाबून ठसा उठवला की ‘इम्प्रेस’. आतले पिळून बाहेर काढले की ‘एक्स्प्रेस’. मनातला भाव बाहेर काढला तर तेही एक्स्प्रेसच. त्यावरून ‘स्पष्ट सांगितलेले, मुद्दाम एका कामासाठी नेमलेले’ असा अर्थ झाला, आणि मुद्दाम एका गावासाठी सोडलेली गाडी ती एक्स्प्रेस गाडी ठरली. नाशिकरोडच्या फलाटावर उभे राहून आपण ज्या गाडीची वाट पाहतो, तिच्या नावात असे पिळून काढलेले काहीतरी आहे! खाली दाबले की ‘डिप्रेस’, वरून दाबून धरले की ‘ऑप्रेस’, मुळातच दाबून टाकले की ‘सप्रेस’. डॉक्टरांचे ब्लडप्रेशर आणि स्वयंपाकघरातला कुकर हीही याच घरातली माणसे. एवढेच नव्हे, ‘प्रिंट’ हा शब्द आपल्याला अगदी वेगळा वाटतो. पण तोही फ्रेंचातून फिरून आलेला याच ‘प्रेमेरे’चा नातू आहे.

आपल्या मराठीने हाच विचार आपल्या परीने केलेला दिसतो. ‘छाप’ या शब्दावरून छापणे, छापखाना हे शब्द आले. आणि सभेत एखाद्या वक्त्याची ‘छाप पडली’ असेही आपण म्हणतो. इंग्रज तेथे ‘इम्प्रेशन’ म्हणतो. ‘ठसा’ तसाच. ‘मुद्रा’ ही राजाची. तिच्यावरून मुद्रण, मुद्रणालय आणि कोर्टाच्या पायरीवर लागणारा मुद्रांक आला. दडपणे आणि दडपशाही यांचे नाते ‘ऑप्रेशन’शी जसेच्या तसे जुळते. एक गोष्ट मात्र आपल्या भाषेत खास आहे. ‘छापा’ म्हणजे छापलेले, आणि ‘छापा’ म्हणजे पोलिसांनी अवचित घातलेली धाडही! छापखाना आणि छापा यांचा संबंध केवळ भाषेतलाच राहिला नाही, हे पुढे दिसेलच.

आता यंत्राकडे वळू. ‘प्रेस’ या शब्दाला यंत्राचा अर्थ प्रथम चिकटला तो छापण्यामुळे नव्हे, तर पिळण्यामुळे. युरोपात द्राक्षे पिळायला लाकडी मळसूत्राचे घाणे असत. मोठा लाकडी स्क्रू फिरवायचा, त्याने फळी खाली यायची, आणि द्राक्षांचा रस निघायचा. त्याला म्हणत प्रेस. तसाच घाणा ऑलिव्हचे तेल काढायला, कापड दाबायला आणि कागदातले पाणी काढायला वापरीत. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी माइन्झ नावाचे गाव आहे. तो मुलूखच द्राक्षांचा. तेथे इ. स. १४५० च्या सुमारास योहान गुटेनबर्गने धातूचे सुटे खिळे पाडले, त्यांना तेलकट शाई लावली, आणि कागद त्यांवर दाबण्यासाठी असाच मळसूत्राचा दाबयंत्र उभा केला. १४५५ च्या सुमारास त्याचे बायबल छापून झाले. यंत्र बदलले, पण नाव तेच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छापण्यासाठी दाबयंत्र लागतेच असे नाही. चीनमध्ये गुटेनबर्गच्या कितीतरी शतके आधी लाकडी ठशांवर पुस्तके छापत होते, इ. स. ८६८ मधली ‘वज्रसूत्रा’ची छापील गुंडाळी आजही शिल्लक आहे. पण ते लोक ठशाला शाई लावून वर पातळ कागद ठेवीत आणि कुंच्याने तो हलकेच घासीत. दाबयंत्र तेथे नव्हतेच. युरोपने मात्र छपाईचे सगळे कुळ दाबण्याच्या नावावर चढवले. इटलीत तर निराळीच तऱ्हा. तेथे वृत्तपत्रसृष्टीला ‘स्ताम्पा’ म्हणतात. म्हणजे आपल्या स्टॅम्पचाच सख्खा भाऊ. नाशिकच्या माणसाला हे ऐकून बरे वाटावे!

आमच्या जिल्ह्यात या शब्दाचे जुने अर्थही अजून जिवंत आहेत. १९९९-२००० नंतर नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने उभे राहिले. तेथे जाऊन पाहिले तर आजही द्राक्षे प्रेसमध्येच घालतात. आता लाकडी स्क्रू गेला. मोठ्या पोलादी पिंपात रबराची पिशवी हवेने फुगवतात आणि तिच्या दाबाने रस निघतो. पांढऱ्या वाइनची द्राक्षे आंबण्याच्या आधी दाबतात, लाल वाइनची आंबल्यानंतर. म्हणजे गुटेनबर्गने ज्या यंत्राकडे पाहून आपले यंत्र केले, ते आमच्या गावी त्याच्या मागून साडेपाचशे वर्षांनी आले. छापखाना आधी आणि द्राक्षाचा घाणा नंतर, असा हा उलटा प्रवास.

खानदेशात आणि मालेगावकडे ‘जिन-प्रेस’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. जिनात कापसातली सरकी काढायची आणि रुई प्रेसमध्ये दाबून गासडी बांधायची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडीही या मुलुखात आली. रुई मोकळी पाठवली तर डबा हवेनेच भरायचा. म्हणून ती दाबणे आले, आणि दाबणे आले तसा प्रेस आला. निफाडकडचा शेतकरी शेतात ‘प्रेसमड’ टाकतो. साखर कारखान्यात उसाचा रस निवळल्यावर जो गाळ राहतो, तो पूर्वी फिल्टर-प्रेस नावाच्या यंत्रात दाबून कोरडा करीत. यंत्र बदलले तरी नाव राहिले. आणि शहरातला परीट पाटीवर ‘प्रेस करून मिळेल’ असे लिहितो. आपल्या आईवडिलांच्या तोंडी तेथे ‘इस्त्री’ असे. तो शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला असे मानतात. म्हणजे एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका बसला, एवढेच.

कोणत्याही मोठ्या घराण्यात काही नातेवाईक नुसते आडनावाचे असतात, तसे येथेही आहेत. पूर्वी इंग्लंडच्या आरमारात खलाशी कमी पडले की ‘प्रेस-गँग’ नावाची टोळी बंदरात फिरे आणि दिसेल त्या धडधाकट माणसाला पकडून जहाजावर चढवी. नेपोलियनची युद्धे १८१५ साली संपेपर्यंत हा प्रकार चालू होता. आपल्याला वाटते, दाबून धरतात म्हणून प्रेस. पण नाही. तो शब्द मुळात ‘प्रेस्ट’, म्हणजे हातावर ठेवलेली आगाऊ रक्कम. नावनोंदणीचे पैसे हातावर ठेवले की माणूस बांधला गेला. पुढे पैशाचे निमित्त राहिले, जबरदस्ती वाढली, आणि लोकांनी त्याचे स्पेलिंगही दाबण्याच्या शब्दाशी जुळवून टाकले. कचेरीतल्या माझ्या मित्रांना त्या ‘प्रेस्ट’ची ओळख रोज पटत असेल. किरकोळ खर्चासाठी हेडक्लार्कच्या हाती जी कायम रक्कम असते, तिला ‘इम्प्रेस्ट’ म्हणतात. ते याच प्रेस्टचे लेकरू. त्याचा छापखान्याशी काडीचा संबंध नाही.

असो. आता हे यंत्र आपल्या देशात आले कसे ते पाहू. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली, जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात. पुढे साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे मराठी काव्य छापखान्यात शिरले ते परक्या लिपीचा अंगरखा घालून.

घाटावर मात्र छपाईला पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षे लागली. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणिसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून घेण्याचा उद्योग आरंभला होता. तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. पण त्यातूनच पुढे १८०५ साली मिरजेला गीता छापली गेली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू होता. त्याच्यानंतर गणपत कृष्णाजी पुढे आले आणि १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. छापील पंचांग घरात आणायला लोक बिचकत, शाईत चरबी असेल म्हणून. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, आणि मराठी माणसाच्या बाबतीत यंत्राचा प्रेस आणि वर्तमानपत्राचा प्रेस यांची गाठ पडली.

कारण हे दोन अर्थ मुळात वेगळे. इंग्रजीतसुद्धा ‘प्रेस’ म्हणजे आधी यंत्र, मग त्यातून निघणारे सगळे छापील वाङ्‌मय, आणि फार उशिरा वर्तमानपत्रे व ती चालवणारी माणसे. १६४४ साली जॉन मिल्टनने आपले प्रसिद्ध पत्रक लिहिले, ते पुस्तकांच्या परवान्याविरुद्ध होते. बातमीदारांच्या बाजूने नव्हे. इंग्लंडात परवान्याचा तो कायदा १६९५ साली मुदत संपून गेला. परवाना गेला तरी पुढे वर्तमानपत्रांवर स्टॅम्पाचा कर बसला आणि तो १८५५ पर्यंत टिकला. सरकारी स्टॅम्प नाही तर वर्तमानपत्र नाही. प्रेस आणि स्टॅम्प हे असे पूर्वीपासूनचे सोबती आहेत. एक बोलणारा आणि एक त्याच्यावर हुकूम उमटवणारा.

यंत्र आणि विचार यांना एकच नाव पडले, याचा परिणाम फार दूरवर झाला. विचार धरून ठेवता येत नाही. यंत्र मात्र येते! आपल्या देशातले पहिले वर्तमानपत्र जेम्स हिकी याने १७८० साली कलकत्त्यात काढले. हिकीने गव्हर्नर जनरलची टर उडवली, खटले झाले, त्याला तुरुंगात टाकले, तरी तो तुरुंगातून पत्र चालवीतच राहिला. अखेर १७८२ साली त्याचे खिळे जप्त झाले, तेव्हा पत्र थांबले. संपादक तुरुंगात असताना पत्र चालले, आणि शिशाचे खिळे गेले तेव्हा बंद पडले. सरकारच्या ध्यानात आले की वर्मावर बोट ठेवायचे असेल तर ते छापखान्यावर.

पुढचे सगळे कायदे पाहा. १८६७ च्या कायद्याने छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसे लिहून द्यायचे आणि प्रत्येक छापील कागदावर छापणाराचे नाव-ठिकाण घालायचे असे ठरले. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी ‘मुद्रक, प्रकाशक’ अशी जी बारीक टाइपातली ओळ आपण कधीच वाचत नाही, ती त्या कायद्याची खूण. त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली ती थेट १ मार्च २०२४ पासून. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांपुरता निराळा कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी. म्हणजे तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली तर विचार, आणि मराठीत लिहिली तर राजद्रोह! तो कायदा रिपनच्या कारकिर्दीत गेला. त्याच सुमारास, १८८१ च्या जानेवारीत, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. त्या मंडळींनी आधी आर्यभूषण छापखाना उभा केला आणि मग पत्रे काढली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला विचार फार दिवस छापून होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

आता आपल्या नाशिकची गोष्ट. १९०८ च्या जुलैमध्ये ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९०९ च्या जूनमध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली; निमित्त होते कवितांच्या एका लहानशा छापील पुस्तिकेचे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा गृहस्थ, इकडच्या जुन्या इतिहासाचा अभ्यासक. आणि बाबारावांचा खटला त्याच्याच कारकिर्दीतला. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिले. या दोन तारखांच्या मध्ये, १९१० च्या फेब्रुवारीत, सरकारने नवा प्रेस अ‍ॅक्ट केला. त्याला कारणे अनेक होती, बंगालची होती, पुण्याची होती. पण नाशिकची जखम तेव्हा अगदी ताजी होती.

हा कायदा काय म्हणत होता? नवा छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेटकडे ५०० ते २००० रुपये जामीन ठेवा. जुना छापखाना असला तरी सरकारने सांगितल्यास ५०० ते ५००० रुपये ठेवा. छापलेला मजकूर सरकारला आक्षेपार्ह वाटला की जामीन जप्त. पुन्हा छापखाना चालवायचा तर १००० ते १०००० चा नवा जामीन. पुन्हा चूक झाली की तो जामीनही गेला आणि छापखानाही गेला. तेव्हाचे पाचशे रुपये म्हणजे एखाद्या कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. गावोगावचे छापखानेवाले म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जत्रेच्या जाहिराती छापून पोट भरणारी माणसे. त्यांनी एखाद्या तरुण संपादकाचा लेख हाती घेताना किती वेळा विचार केला असेल! लेख लिहिणारा तुरुंगात जायला तयार होता. पण ज्याच्या घरात ट्रेडल यंत्र ही एकच मिळकत, त्याला सरकारने आधीच गप्प बसवले होते. वर्तमानपत्राच्या इतिहासात संपादकांची नावे येतात. या छापणाऱ्यांची फारशी येत नाहीत.

श्रोतेहो, त्या कायद्यातल्या जामिनाला इंग्रजी शब्द काय होता ठाऊक आहे? ‘सिक्युरिटी’. प्रेसकडून सिक्युरिटी घ्यायची. हा कायदा १९२२ साली रद्द झाला. आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच नाशिकरोडला सरकारचा एक नवा छापखाना उभा राहिला, त्याचे नाव ‘सिक्युरिटी प्रेस’! तेच दोन शब्द, पण अर्थ पार निराळा. येथे सिक्युरिटी म्हणजे जोखमीचा कागद. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ ‘चिंतेवाचून’, आपल्या भाषेत निर्धास्त. छापखाना चालवणाऱ्याची झोप ज्या शब्दाने उडाली, त्याच शब्दाखाली शेकडो कुटुंबांना निर्धास्तपणे दोन घास मिळू लागले.

तोपर्यंत हिंदुस्थानची टपालाची तिकिटे लंडनहून डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ पासून ती नाशिकरोडला छापली जाऊ लागली. १९२८ साली नोटांचा वेगळा छापखाना सुरू झाला आणि पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट येथे निघाली. १९३१ साली नव्या दिल्लीच्या उद्‌घाटनाची चित्रमय तिकिटे येथेच छापली. स्वातंत्र्यानंतर राजाचे चित्र गेले, अशोकाचे सिंह आले. तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट, नोटा येथे छापल्या जात राहिल्या. देवासला १९७० नंतरच्या दशकात दुसरा नोट छापखाना निघाला, पुढे म्हैसूर आणि सालबोनी येथे निघाले. २००६ पासून आमचे दोन्ही प्रेस एका सरकारी महामंडळाखाली गेले. शिवाय गांधीनगरचा सरकारी छापखाना आहेच. त्यामुळे नाशिकमध्ये ‘प्रेसमध्ये आहे’ असे कुणी म्हटले की जाणता माणूस लगेच विचारतो, ‘‘कोणत्या? नोटांच्या, तिकिटांच्या, की गांधीनगरच्या?’’ वर्तमानपत्राचा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणजे पाहा, एकाच गावात या शब्दाची दोन टोके आली. एका प्रेसमधून निघणारा कागद सरकारचा शब्द असतो. त्यावर लिहिलेले खरे मानावे असा हुकूम असतो. दुसऱ्या प्रेसमधून निघणारा कागद सरकारचा शब्द तपासून पाहतो. पहिल्या प्रेसमध्ये एकही अक्षर चुकता कामा नये. दुसऱ्यात चुका होतात, रोज होतात, आणि रोज दुरुस्त कराव्या लागतात. देशाला दोन्ही लागतात.

स्वतंत्र भारताची घटना होत असताना, प्रेसच्या स्वातंत्र्याचा निराळा उल्लेख करावा असा प्रश्न निघाला होता. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे पडले की, तशी गरज नाही. संपादक हाही नागरिकच, आणि तो लिहितो ते नागरिकाच्या हक्कानेच. म्हणून एकोणिसाव्या कलमात भाषणाचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, पण ‘प्रेस’ हा शब्द नाही. अभिव्यक्तीला इंग्रजीत शब्द आहे ‘एक्स्प्रेशन’. आता तुमच्या ध्यानात आलेच असेल. प्रेस तेथे नाही असे कसे म्हणावे? तो त्या शब्दाच्या पोटात बसलेला आहे. मद्रास सरकारने मुंबईच्या ‘क्रॉसरोड्‌स’ साप्ताहिकाला आपल्या हद्दीत बंदी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली याच कलमाच्या आधारे ती उठवली. छापण्याच्या हक्कात वाचकापर्यंत पोहोचवण्याचा हक्कही येतो, असे सांगितले.

पण जुनी युक्ती कुणी विसरले नव्हते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा दिल्लीत बहादुरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. हिकीचे खिळे नेले होते १७८२ साली; जवळजवळ दोनशे वर्षांनी वीज नेली. लेखणीला हात न लावता यंत्र थांबवायचे, ही रीत तीच. फरक एवढाच की पहिली गोष्ट परक्याने केली होती.

आज यंत्राचेही दिवस पालटले आहेत. खिळे गेले, जुळारी गेले, ट्रेडलचा खटखट आवाज गेला. कित्येकजण वर्तमानपत्र काचेवर वाचतात. तेथे कुठेच काही दाबले जात नाही, बोट टेकवले की झाले. तरी नाव प्रेसच. आणि रस्त्यावर पाहावे तर ज्याच्या त्याच्या मोटारसायकलवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहिलेले. त्यातले काही खरे बातमीदार असतात, काहींना फक्त पोलिसाने अडवू नये एवढेच हवे असते. परवा एका इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवर तशीच लाल अक्षरे पाहिली. मनात आले, याच्या बाबतीत तरी तक्रारीला जागा नाही. कोशाप्रमाणे त्याचा हक्क सर्वांत जुन्यांपैकी आहे!

त्या नाशिकरोडच्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी हे सगळे सांगितले नाही. तासात तेवढा वेळ नसतो. फक्त त्याच्या उत्तरपत्रिकेवरची फुली खोडली आणि लिहिले, ‘या शब्दाचा दुसरा अर्थ शोधून ये.’ आठ दिवसांनी तो आला. म्हणाला, ‘‘सर, आजोबांना विचारले. ते म्हणाले, आणीबाणीत आमचा प्रेस एक दिवसही बंद नव्हता. दुसऱ्यांचा बंद होता.’’

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.